दोन माणसं आणि पुढच्या वर्षीचा एक

“ताड मला देऊन टाक,” थोरले म्हणाले आणि त्यांनी डब्याचं झाकण काढलं.

“असा फुकट?” धाकट्यांनी विचारलं.

“फुकट कशाला? बदल्यात तीन माणसं देतो की.”

“तुमची तीन माणसं! एकाचा गुडघा गेलाय, दुसऱ्याला चेंडूपेक्षा आरसा प्यारा, आणि तिसऱ्याचं नाव काय हो?”

तिसऱ्याचं नाव थोरल्यांना पटकन आठवेना, म्हणून त्यांनी मोठा घास घेतला.

एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत, चादरींच्या ढिगांमागच्या छोट्या खोलीत, ही वादावादी गेली एकोणीस वर्षं चालू होती. थोरले धुलाई विभागाचे प्रमुख, धाकटे इस्त्री विभागाचे. दोघं एकमेकांचे साडू. थोरल्या बहिणीचा नवरा तो थोरला आणि धाकटीचा तो धाकटा, इतकं ते सरळ होतं, आणि लॉन्ड्रीतली चाळीस माणसंही त्यांना थोरलेसाहेब आणि धाकटेसाहेबच म्हणत. थोरल्यांचा जीव ‘खलाशी’ नावाच्या बास्केटबॉल संघावर, धाकट्यांचा ‘वादळ’वर. दोन्ही संघ त्यांनी फक्त टीव्हीवर पाहिले होते आणि संघांना तर या साडूंची गंधवार्ताही नव्हती. पण कोणता खेळाडू देऊन बदल्यात कोणता घ्यावा हे संघमालकांना काडीचं कळत नाही आणि आपल्याला मात्र नेमकं कळतं, याबद्दल दोघांचं एकमत होतं. बाकी कशाबद्दलच नव्हतं.

सौद्याची त्यांची एक पद्धत होती. गाठोड्यांना बांधायच्या पिवळ्या चिठ्ठीच्या पाठीवर सौदा लिहायचा आणि दोघांच्या सह्या झाल्या तरच तो पक्का धरायचा. पक्की चिठ्ठी साबणाच्या रिकाम्या खोक्यात जाई. खोक्यात चारशेच्या वर चिठ्ठ्या होत्या. वादळचा सात फुटी खेळाडू, ज्याचं खरं नाव उच्चारताना धाप लागते म्हणून यांनी ज्याला ताड म्हणायला सुरुवात केली, तो या खोक्यात अकरा वेळा संघ बदलून आला होता. प्रत्यक्षात तो बिचारा वादळ सोडून कुठेही गेला नव्हता.

घरी हा विषय काढायला बंदी होती. एका घरगुती जेवणात सासऱ्यांचा चष्मा म्हणजे ताड आणि मीठदाणी म्हणजे खलाशी, असं धरून धाकटे सौदा समजावून देत असताना चष्मा सूपमध्ये पडला होता. त्या दिवसापासून दोघी बहिणींनी कायदाच केला. तेव्हा साडेबारा ते एक, हा अर्धा तास काय तो उरला होता. कोणाला देवळात शांती मिळते, कोणाला बागेत; या दोघांना ती ड्रायरच्या घरघराटात, एकमेकांच्या संघाला नावं ठेवताना मिळत असे.

आणि नेमका हाच अर्धा तास धोक्यात आला होता. नव्या मॅनेजरबाई आल्या होत्या आणि त्यांच्याकडे छापील तक्ता होता.

“सगळी लॉन्ड्री एकदम जेवायला बसते आणि मशीनं थंड पडतात,” त्या म्हणाल्या होत्या. “यापुढे धुलाई बाराला जेवेल, इस्त्री एकला.”

थोरल्यांचा चेहरा पिळून काढलेल्या टॉवेलसारखा झाला. धाकट्यांनी हात जोडले. काम किती सुरळीत चालतं, दोन्ही विभागांचा मेळ जेवतानाच कसा जमतो, हे त्यांनी इतकं कळवळून सांगितलं की बाईंनी शेवटी तक्ता दुमडला.

“ठीक आहे. शनिवारी वरती मोठी मेजवानी आहे. तोपर्यंत वरच्या मजल्यांवरून एकही तक्रार आली नाही, तर तुमचं जेवण एकत्र. एक जरी आली, तरी तक्ता लागू.”

अशा वेळी शहाणा माणूस आठवडाभर मान खाली घालून चादरी मोजेल. पण सोमवारी दुपारी ताडाचा विषय निघाला, आणि तो निघाला की शहाणपण आपोआप खोलीबाहेर जाऊन बसत असे.

“एक खरा खेळाडू तीन साध्या माणसांना भारी असतो,” थोरले म्हणाले.

“चूक. एक माणूस आजारी पडला की संघ बसला. तीन असले की गाडा चालतो.”

“चार दिवस हेच म्हणतोयस. सिद्ध कर.”

“कसं करणार? ताड काय माझ्या खिशात आहे?”

थोरल्यांनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली, जी त्यांच्या बायकोनं पाहिली असती तर तिनं लगेच त्यांचा ताप बघितला असता.

“ताड नाही. पण तुझ्याकडे कॉलरताई आहे.”

कॉलरताई इस्त्री विभागात सव्वीस वर्षं होत्या. चादरीला इस्त्री कोणीही करतं. कॉलर करावी ती त्यांनीच. त्यांच्या हातून गेलेल्या कॉलरमुळे वाकून चालणारा वेटरही ताठ चालतो, असं वरचे लोक म्हणत. त्यांचं टेबल हवेच्या झरोक्याखाली होतं आणि तिथे दुसऱ्या कोणी इस्त्री टेकवायची हिंमत केली नव्हती.

“तुम्ही काय द्याल?” धाकट्यांनी विचारलं. खरं तर त्यांनी ‘नाही’ म्हणायला हवं होतं.

“डागवाला देतो.”

डागवाला म्हणजे धुलाईचा मोहरा. नुसता वास घेऊन, डाग कशाचा आणि तो कोणत्या दिवशी पडला, हे सांगायचा.

“आणखी?”

“गुपचूप घे. अकरा वर्षांत एक शब्द बोललेला नाही. भांडणाची भीती नाही.”

“हे झाले दोन. तुम्ही तीन म्हणालात.”

थोरल्यांनी विचार केला. तिसरा माणूस द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. पण बास्केटबॉलमध्ये यावर तोडगा आहे. दर वर्षी नवे खेळाडू भरती होतात, आणि त्यांतला पहिला निवडायचा हक्क सौद्यात माणसाच्या जागी देता येतो.

“तिसरा पुढच्या वर्षीचा,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी लॉन्ड्रीत भरती होईल, त्यातला पहिला माणूस तू निवडायचा.”

धाकट्यांना हा सौदा लुटीसारखा वाटला. थोरल्यांनाही तसाच वाटला. चांगल्या सौद्याची खूणच ती, असं दोघांनीही एकमेकांना बजावलं. शिवाय दोन्ही विभाग सुधारले की मॅनेजरबाई खूश होतील, हेही त्यांनी स्वतःला पटवलं. सह्या झाल्या, आणि चिठ्ठी खोक्याऐवजी थोरल्यांच्या शर्टाच्या खिशात गेली. एकोणीस वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्यावर आज पहिल्यांदाच दोघं खाली उतरून शेळ्यांच्या कळपात शिरले होते.

कॉलरताईंना सांगायचं काम धाकट्यांकडे आलं.

“ताई, उद्यापासून आठवडाभर तुम्ही धुलाईत. सौदा झालाय.”

कॉलरताईंनी इस्त्री उभी केली. “कोणाच्या बदल्यात?”

“डागवाला येतोय.”

“बरं.”

“आणि गुपचूप.”

“बरं. आणखी?”

“आणि पुढच्या वर्षी भरती होईल, त्यातला पहिला.”

“तो कोण?”

“ते अजून ठरायचंय.”

“म्हणजे साहेब,” कॉलरताई सावकाश म्हणाल्या, “सव्वीस वर्षांच्या बदल्यात दोन माणसं, आणि एक असा की जो अजून नोकरीलाच लागलेला नाही?”

“पहिली निवड फार मोलाची असते हो ताई!”

“असेल. त्याला माझा नमस्कार सांगा, भेटला की.”

त्यांनी इस्त्रीची वायर काढली, नीट गुंडाळली, चष्मा पुसला आणि त्या मागे न बघता धुलाईकडे चालत्या झाल्या. त्यांना वाईट वाटलं होतं. जागा बदलल्याचं फारसं नव्हतं. माणूस चाळीस पावलांवर गेला म्हणून मरत नाही. वाईट वाटलं ते किमतीचं.

मंगळवारी सकाळी सौद्याची फळं दिसू लागली. धुलाईत कॉलरताई मशीनच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि येणारा प्रत्येक शर्ट आधी कॉलर बघून पारखू लागल्या. “ही आधीच मेलीय. हिला धुऊन काय करणार?” असं म्हणत त्यांनी तासाभरात बावीस शर्ट बाजूला काढले. तिकडे इस्त्रीत डागवाल्याला कोणी गरम इस्त्री दिली, पण त्याचे डोळे डागच शोधत होते. धुतलेल्या चादरीत त्याला डाग दिसे, नसला तर वास येई.

“साहेब, ही परत धुलाईला पाठवा.”

“अरे, कुठे डाग आहे?”

“आता नाहीये. पण होता.”

अशा रीतीनं धुलाईतून आलेल्या चादरी पुन्हा धुलाईकडे निघाल्या. धुलाईनं त्या निमूटपणे धुऊन परत पाठवल्या. डागवाल्याला त्यांत आता साबणाचे डाग दिसले. बुधवार दुपारपर्यंत दोनेकशे चादरी तळघराला प्रदक्षिणा घालत होत्या आणि वर एकही पोचत नव्हती.

नाही म्हणायला गुपचूप शांतपणे इस्त्री करत होता. एकच अभ्रा, पाऊण तास. पण असा अभ्रा हॉटेलच्या इतिहासात कोणी पाहिला नव्हता.

सौदा उलटवून टाकावा हे दोघांनाही मंगळवारीच कळलं होतं. पण जो आधी माणूस परत मागेल तो वादात हरला, हेही कळत होतं. त्यामुळे जेवताना खरं काय ते दोघंही सांगेनात.

“कशी काय चाललीय कॉलरताई?” धाकट्यांनी विचारलं.

“झकास! काय हात आहे! डागवाला?”

“हिरा आहे, हिरा.”

आणि दोघांनी एकाच वेळी पाण्याचा ग्लास उचलला.

बुधवारी संध्याकाळी धाकट्यांचा धीर सुटला. ते धुलाईत चोरपावलांनी शिरले आणि मोठ्या मशीनच्या आडून म्हणाले, “ताई, तुम्हाला इथं करमत नसेल ना?”

“मस्त करमतंय.”

“नाही, म्हणजे परत यावंसं वाटत असेल तर...”

“येता येणार नाही साहेब.” कॉलरताईंनी एप्रनच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. “माझी भाची बघते तुमचा तो खेळ. तिला सगळं विचारून घेतलं. सौद्यांना एक मुदत असते म्हणे. ती टळली की हंगाम संपेपर्यंत कोणाला हलवता येत नाही.”

“मुदत कधी टळली?”

“सोमवारी एक वाजता. जेवणाची सुट्टी संपली तेव्हा.”

नियम बरोबर होता. धाकट्यांनी स्वतः हा नियम थोरल्यांच्या तोंडावर कमीत कमी तीस वेळा फेकला होता. आता त्यांना तो अन्यायाचा वाटला.

“शिवाय,” ताई कागद वाचत म्हणाल्या, “नव्या संघात गेलेल्या खेळाडूची आधी डॉक्टरी तपासणी होते. ती कुठं झालीय माझी? त्याला नाव-नंबर घातलेला शर्ट मिळतो. तो कुठंय?”

हे आजूबाजूच्या चौघांनी ऐकलं आणि आग लागायला एवढं पुरे होतं. गुरुवारी सकाळी लॉन्ड्रीत कामापेक्षा भाव जास्त चालू होते. बटणं लावणारी म्हणाली, तिच्या बदल्यात कमीत कमी दोन घडीवाले आलेच पाहिजेत. घडी घालणाऱ्या तिघी म्हणाल्या, “आम्हाला वेगळं करायचं नाही, घेतलं तर तिघींना घ्या.” ड्रायरवाल्यानं स्वतःची उंची मोजून घेतली, ती कशाला लागणार होती ते त्यालाही सांगता आलं नसतं.

धाकट्यांनी शेवटचा उपाय म्हणून गुपचूपला बाजूला घेतलं. “तू परत धुलाईत जा बाबा. मग डागवाल्यालाही पाठवतो. निदान अर्धा सौदा तरी फिरेल.”

गुपचूपनं इस्त्री बाजूला ठेवली. “मी नाही जाणार,” तो म्हणाला.

सगळा विभाग थबकला. अकरा वर्षांत त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता. आवाज चांगला होता.

“का रे?”

“तिथं मशीनच्या आवाजात बोलायचं कसं? इथं शांत आहे.” आणि मग, अकरा वर्षांचं तुंबलेलं असल्यासारखा, तो संध्याकाळपर्यंत बोलत राहिला.

त्याच दुपारी घडू नये ते घडलं. चौथ्या मजल्यावर स्वच्छ चादर शिल्लक नव्हती, म्हणून खोल्यांची व्यवस्था बघणाऱ्यांनी एका पाहुण्याच्या पलंगावर मेजवानीचा टेबलक्लॉथ घातला. पाहुण्यानं खाली येऊन लेखी तक्रार दिली. ‘आपण झोपलोय की आपल्याला वाढून ठेवलंय, हे मला रात्रभर कळेल असं वाटत नाही,’ असं त्यानं लिहिलं होतं.

मॅनेजरबाईंनी दोघांना बोलावलं. टेबलावर तक्रार होती आणि तिच्या शेजारी पिवळी चिठ्ठी. ती त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. पण लॉन्ड्रीत खिसे तपासूनच कपडे धुतात.

“हे काय आहे?”

“सौदा आहे मॅडम,” थोरले म्हणाले. “दोन्ही बाजूंच्या फायद्याचा.”

बाईंनी चिठ्ठी वाचली. “कॉलरताई, डागवाला, गुपचूप... हे चौथं कोण? ‘पुढच्या वर्षीची पहिली निवड.’ हजेरीपटात दिसत नाही.”

“तो अजून यायचाय,” धाकटे म्हणाले.

“आणि ही अक्कल तुम्ही दोघं रोज जेवताना वापरता?”

यावर ‘हो’ म्हणावं तरी पंचाईत आणि ‘नाही’ म्हणावं तरी पंचाईत. बाईंनी दुमडलेला तक्ता उघडला, हातानं सारखा केला आणि खाली जाऊन लॉन्ड्रीच्या भिंतीवर लावला.

शुक्रवारी बारा वाजता थोरले एकटेच त्या खोलीत डबा घेऊन बसले. समोरची खुर्ची रिकामी होती. सवयीनं ते म्हणाले, “ताडाच्या बदल्यात दोघं घेतोस का?” आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण डब्याच्या झाकणाशी बोलतोय. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि खुर्चीवर ठेवली. एक वाजता धाकटे आले, त्यांनी ती वाचली, खाली ‘मुळीच नाही’ असं लिहिलं आणि ती परत खुर्चीवर ठेवली. आता या ‘मुळीच नाही’वर थोरले भडकणार ते दुसऱ्या दिवशी बाराला, आणि ते भडकलेलं बघायला आपण नसणार, हे त्यांना फार लागलं. डबा त्यांनी अर्धा तसाच बंद केला.

हे दोन्ही प्रकार कॉलरताईंनी पाहिले. बाराला पाहिला तो शेजारच्या बाकावर जेवताना, एकला पाहिला तो मुद्दाम डोकावून. आदल्या दिवसापर्यंत त्यांना वाटत होतं की यांची चांगली जिरावी. पण जिरलेली माणसं समोर बसली की बघवत नाही, त्यातून ही तर आपलीच माणसं. धाकट्यांची सुट्टी संपताच त्यांनी धुलाईच्या दारात दोघांना एकत्र गाठलं.

“साठ शर्ट पडलेत उद्याच्या मेजवानीचे,” त्या म्हणाल्या. “एकाचीही कॉलर झालेली नाही. काय करणार आहात?”

धाकट्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हार मान्य केली.

“ताई, मी चुकलो. मला तुम्ही परत हव्यात. तुमच्या बदल्यात कोणी अख्खी धुलाई दिली असती, तरी मी घ्यायला नको होती.”

“अख्खी धुलाई काय म्हणतोस?” थोरले उसळले. मग कॉलरताईंकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. “पण बरोबर आहे तो. मीही असली भिकार बोली लावायला नको होती. पुढच्या वर्षीचा माणूस म्हणे! लाज वाटते ताई.”

कॉलरताईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. एवढंच त्यांना हवं होतं. आता डोळ्यांत पाणी येईल असं वाटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. “चला वर,” त्या म्हणाल्या. “बोलायचं मी. तुम्ही तोंडं उघडायची नाहीत.”

मॅनेजरबाईंना त्यांनी सरळ सांगितलं. उद्या दुपारपर्यंत साठ शर्ट होतील, चादरी फिरायच्या थांबतील, डागवाला धुलाईत जाईल आणि गुपचूप इस्त्रीतच राहील; त्याला तिथं कंठ फुटलाय, तो पुन्हा बंद करणं पाप आहे.

“आणि बदल्यात?” बाई म्हणाल्या.

“तो तक्ता काढायचा. जेवण सगळ्यांचं एकत्र.”

“म्हणजे या दोघांना पुन्हा मोकळं सोडायचं? पुढच्या आठवड्यात ते मलाच कोणाला तरी देऊन टाकतील.”

“तिसरी सही माझी,” कॉलरताई म्हणाल्या. “खोटा असो, खरा असो, माझ्या सहीशिवाय एकही सौदा होणार नाही.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “तुम्हाला काय मिळणार यातून?”

“पुढच्या वर्षी भरती होईल, त्यातला पहिला,” कॉलरताई म्हणाल्या. “मला हाताखाली माणूस हवाच आहे. कॉलर शिकवायला वेळ लागतो.”

शनिवारी साठ वेटर ताठ मानेनं मेजवानीत फिरले. वरून एकच निरोप आला, तोही इस्त्रीची तारीफ करणारा. संध्याकाळी मॅनेजरबाई खाली आल्या आणि भिंतीवरचा तक्ता स्वतःच्या हातानं काढून घेऊन गेल्या.

सोमवारी साडेबाराला त्या छोट्या खोलीत तिसरी खुर्ची आली होती. थोरले आणि धाकटे दोन दिवसांची उपासमार भरून काढायला आतुर होते. डबे उघडायच्या आत वाद सुरू झाला, आवाज चढले, एकमेकांच्या संघाचा उद्धार झाला आणि एकला दहा कमी असताना दोघांच्या मनासारखा सौदा जमला. ताड खलाशीकडे. बदल्यात दोन जोरात पळणारे आणि एक उंच खेळाडू. दोघांनी सह्या ठोकल्या आणि चिठ्ठी मोठ्या अभिमानानं कॉलरताईंपुढे सरकवली.

त्यांनी चष्मा लावला आणि चिठ्ठी दोनदा वाचली. “याला विचारलंत का?”

“कोणाला?”

“या ताडाला.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “त्याला काय विचारायचं?” थोरले म्हणाले. “तो खेळाडू आहे.”

“लग्न झालंय त्याचं?”

धाकट्यांना ताडाची उंची, वजन, बुटाचं माप आणि दर सामन्यात सरासरी किती वेळा चेंडू हातात येतो ते तोंडपाठ होतं. लग्नाचं माहीत नव्हतं.

“मुलं किती? शाळेत जातात? आई-वडील जवळ असतात की लांब? त्या नव्या गावात कोणी ओळखीचं आहे का त्याचं?”

“ताई, अहो हे सगळं कागदावरचं आहे,” धाकटे केविलवाणे होऊन म्हणाले.

“मीही कागदावरच होते,” ताई म्हणाल्या. “अकरा वेळा बिऱ्हाड हलवलंत बिचाऱ्याचं. आधी पत्र लिहा. त्याचं उत्तर आलं की मी सही करते.”

थोरल्यांनी कोरी चिठ्ठी घेतली. पहिला वाद मायन्यावरूनच झाला. धाकट्यांचं म्हणणं, पोरगा आपल्या मुलाच्या वयाचा आहे, ‘चि.’ लिहावं. थोरल्यांचं म्हणणं, सात फुटी माणसाला ‘चि.’ कसं लिहायचं, ‘श्री.’च हवं. ताईंनी ‘श्री.’ला कौल दिला. मग खरं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा दोघांनी ते तीन वेळा खोडून चौथ्यांदा जेमतेम जमवलं. ‘आपल्याला न विचारता आम्ही आपली अकरा वेळा बदली केली,’ एवढं लिहून थोरल्यांचं पेन थांबलं. पुढे काय लिहावं हे कोणालाच सुचेना.

एक वाजला. बाहेर मशीनं सुरू झाली. धाकटे डबा बंद करता करता थांबले.

“साडूभाऊ, तो नको म्हणाला तर?”

थोरल्यांनी अर्धं पत्र नीट घडी करून खिशात ठेवलं. तो ताड खलाशीच्या गणवेशात उतरलेला त्यांनी किती वर्षं मनात बघितला होता, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

“मग राहू दे बापड्याला तिथंच,” ते म्हणाले.